आवाजाची खेळणी

नातवाच्या पहिल्या वाढदिवसासाठी खेळणी आणायचं काम मी मागून घेतलं, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. रिटायर माणसाला काहीतरी उद्योग हवा, असंच सगळ्यांनी धरलं. वाढदिवसाला अजून अवकाश होता. मुलीने मला फोनवर चित्रं पाठवली. एकावर एक चढवायच्या लाकडी रिंगा, झाकणाला गोल-चौकोनी भोकं असलेला आकारांचा डबा, कापडी पुस्तक आणि धरून चालायला पांगुळगाडा. या वयात मुलाच्या बोटांना, डोळ्यांना, पायांना काय काम द्यावं ते तिने वाचून काढलं होतं. खाली बजावलं होतं, ‘आवाजाचं काही नको हं बाबा. बॅटरीचं तर अजिबात नको.’

त्याला कारण होतं. माझी मुलगी लहानपणापासून दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लावते. घरात आम्ही त्यांना मशीन म्हणतो. मशीनला आईची हाक आणि पिपाणी यांतला फरक कळत नाही, ते सगळंच मोठं करून आत ढकलतं. त्यामुळे खेळण्यांचे चिरके आवाज तिला सोसत नाहीत. हे मला कुणी नव्याने सांगायला नको होतं.

तरी पहिल्याच दिवशी मी आम्ही राहतो त्या आमलीच्या बाजारातून एक डमरू, दाबलं की किंचाळणारं रबरी बदक आणि घुंगरांची काठी घेऊन आलो.

“रिंगा कुठायत?” बायकोने पिशवी उलटी करत विचारलं.

“चांगल्या नव्हत्या. कडा टोचत होत्या.”

“आणि हे बदक? हे काय शिकवणार त्याला?”

“लाल रंग आवडतो त्याला,” मी म्हणालो.

बदक पिवळं होतं. बायकोने ते माझ्यासमोर धरलं, एकदा दाबलं, आणि पुन्हा पिशवीत टाकलं.

आता लिहायलाच बसलोय तर सरळ लिहितो. मला खेळणी आणायची नव्हती, आवाज आणायचे होते. माझ्या नातवाला ऐकू येतं की नाही, हे मला बघायचं होतं, आणि ते मला कुणाला विचारता येत नव्हतं.

मुलगी आणि जावई आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. जावई पुण्याचा, इथल्या कारखान्यात इंजिनियर. मुलगी एका कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करते. सकाळी ती बाळाला खाली आमच्याकडे आणते, संध्याकाळी घेऊन जाते. दिवसभर बाळ आमचं. बाळ शांत. सगळे तेच म्हणत, काय शांत बाळ आहे हो. दिवाळीत खाली लवंगी माळा लागल्या तरी ते झोपून राहिलं, आणि शेजारीण म्हणाली, “नशीब काढलंत.” मला मात्र त्या दिवसापासून जेवण गोड लागेना. कारण हेच वाक्य माझ्या मुलीच्या बाबतीतही लोक म्हणत असत. याच आमलीत, भाड्याच्या खोलीत.

मी घुंगरांची काठी घेऊन बाळाच्या मागे उभा राहायचो. वाजवायचो. कधी ते वळायचं, कधी नाही. वळलं की वाटायचं, सुटलो. नाही वळलं की वाटायचं, खेळण्यात रमलंय. या वयाची मुलं अशीच असतात, हाक मारली तरी ढिम्म. मग दुसरा आवाज हवा म्हणून मी पुन्हा बाजारात. दुकानदार मला ओळखू लागला. “अंकल, ये लो, गाना भी बजता है, लाइट भी मारता है.” मी म्हणायचो, लाइट नको. तो हसायचा. लाइट नसलेलं आणि नुसतं वाजणारं खेळणं मागणारा त्याच्याकडे मी एकटाच असेन.

आता मागचं सांगतो.

मी धुळ्याकडचा. तरुणपणी इथे आलो तो रांध्याच्या बाजूला एका प्लास्टिकच्या कारखान्यात. बाटल्या आणि झाकणं बनायची. मी तपासणी विभागात होतो. माल पास करायचा की नापास, हे मी ठरवायचो. पाणी भरलेली बाटली उंचावरून टाकायची, गळते का बघायची. आमच्याकडे एक पद्धत होती. पहिला नमुना नापास झाला तर लगेच माल बाद करायचा नाही, दुसरा नमुना घ्यायचा. दुसरा पास झाला की सगळा माल पास. पद्धत तशी वाईट नव्हती. बाटल्यांसाठी ठीक होती.

मुलगी वर्षाची व्हायला आली होती. एके दिवशी बायको मला म्हणाली, “अहो, ही हाकेला वळत नाही.” माझी थोरली बहीण तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. ती म्हणाली, “पहिलटकरणीला सगळंच वेगळं दिसतं.” मी म्हणालो, थांब, मी बघतो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून मी एक छोटी बाटली आणली. त्यात रंगीत दाणा भरला. बाटल्या ज्याच्यापासून बनतात त्या बारीक गोळ्यांना आम्ही दाणा म्हणतो. झाकण गरम करून पक्कं बंद केलं. उत्तम खुळखुळा झाला. मुलगी लोखंडी पलंगावर बसली होती. मी तिच्या मागे उभा राहून खुळखुळा हलवला. ती वळली नाही. पुन्हा हलवला. नाही. मला वाटलं, आवाज कमी पडतोय. मग मी खुळखुळा पलंगाच्या डोक्याकडच्या पाइपवर जोरात आपटला. ती गर्रकन वळली. पुन्हा आपटला, पुन्हा वळली आणि हसली.

“बघ,” मी बायकोला म्हणालो. “पास.”

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? कारखान्यात शेकडो लोक माझ्या पास-नापासवर विश्वास ठेवत होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी, मला सुट्टी होती, मी त्याच पलंगावर पडलो होतो. मुलगी पायाशी बसून पळीने पाइप बडवत होती. माझे डोळे मिटलेले होते. प्रत्येक ठोका मला पाठीत लागत होता. लोखंडातून, गादीतून, थेट मणक्यात. मी डोळे उघडले आणि मला समजलं, ती माझ्या आवाजाला वळलीच नव्हती. तिला अंगाने कळलं होतं.

मी उठून बसलो. तिच्या मागे गेलो, हवेत टाळी वाजवली. ती पळीकडे बघत राहिली.

त्या वेळी बायको दोन हातांवर नळावर कपडे धूत होती. मी तिला हाक मारली असती तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. मी गेलो नाही. का नाही, याची मी पुढे बरीच उत्तरं तयार केली. बहीण घरात होती. उद्या पुन्हा बघू. डॉक्टर म्हणजे वापी किंवा मुंबई. खरं एवढंच की पास म्हटलेली गोष्ट परत बोलावणं मला जमत नव्हतं. कारखान्यात मी ते कधी केलं नव्हतं, आणि याचाच मला अभिमान होता.

पुढे मुलगी दीड वर्षाची असताना बायको तिला घेऊन भावाच्या लग्नाला माहेरी गेली. तिकडे मुलीला ताप आला. जोराचा आला, लग्नघरात धावपळ झाली, पण उतरला. परत आल्यावर महिने गेले तरी मुलगी बोलायला लागेना, आणि मग डॉक्टर, तपासण्या, मशीन. डॉक्टरांनी विचारलं, आधीपासून ऐकू येत नव्हतं का? माझी बहीण सोबत होती. ती म्हणाली, “तापात कान गेले. माहेरी नेलं ना, तिकडे कोण बघणार.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “ताप यायच्या आधी ऐकायची. मी स्वतः बघितलंय.”

हे वाक्य मी एकदाच बोललो. ते परत बोलायची गरज पडली नाही, कारण पुढे सगळ्यांनी ते धरूनच चालायला सुरुवात केली. बायकोने तर सगळ्यांत आधी. तेव्हापासून आजपर्यंत तिच्या उशाखाली थर्मामीटर असतो. नातू झाल्यावर तर तिचा तळवा त्याच्या कपाळावरून हटेना. आणि माहेरच्या लग्नांना ती कधी गेली नाही. मी विचारलं तर म्हणायची, कंटाळा येतो हो प्रवासाचा.

बाळ जन्मलं तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मुलीला विचारलं होतं, तुमचं जन्मापासून आहे का? तसं असेल तर बाळातही उतरू शकतं. मुलगी म्हणाली, “नाही, लहानपणी तापामुळे.” त्या म्हणाल्या, तरी सवडीने वापीला एकदा बाळाचे कान तपासून घ्या. तापामुळेच म्हटल्यावर सवड कोण काढतो? मी तिथेच उभा होतो. माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता.

म्हणून ही खेळणी. मी मनाशी म्हणत होतो, बाळाला ऐकू येत असेल तर बोलायची गरजच नाही. इतकी वर्षं गेली, आता कशाला? आणि ऐकू येत नसेल तर, तर मग बघू. मुलगी रोज संध्याकाळी नवं खेळणं बघायची आणि वैतागायची.

“बाबा, हा ढोल कुणी आणला?”

“दुकानदाराने दिला. रिंगा संपल्या होत्या.”

“आमलीतल्या सगळ्या रिंगा संपल्या?”

“येणारेत.”

“आई, तू जात जा गं यांच्याबरोबर. वाढदिवसाला बँड आणतील.”

तीन दुकानं सोडून चौथ्या दुकानात रिंगा ढिगाने पडलेल्या होत्या. शेवटी लाजेकाजेस्तव मी त्या आणल्या, आणि त्यांच्यासोबत एक पितळी घंटी.

त्या दिवशी दुपारी मी सगळी काळजी घेतली. बाळाला जमिनीवर नाही, जाड गादीवर बसवलं, म्हणजे खालून काही कळायला नको. चपला काढल्या. पंखा बंद केला, वाऱ्याचाही बहाणा नको. सोफ्याच्या मागे उभा राहिलो आणि घंटी वाजवली. बाळ लगेच हसलं आणि वळलं. पुन्हा वाजवली. पुन्हा वळलं. मी हसायला लागलो, आणि तो जुना शब्द माझ्या तोंडात आलाच होता.

बायको स्वयंपाकघराच्या दारात कोथिंबीर निवडत उभी होती.

“तो टीव्हीत बघतोय तुम्हाला,” ती म्हणाली.

“काय?”

“टीव्हीत. तुम्ही हात वर केला की हसतो. बंद टीव्हीत सगळं दिसतं की.”

मी समोर पाहिलं. भिंतीवरच्या काळ्या काचेत सोफा होता, बाळाचं डोकं होतं, आणि मागे हात वर केलेला एक म्हातारा होता.

मी आतून चादर आणली आणि टीव्हीवर टाकली. बायको म्हणाली, “अहो, काय चाललंय?” मी मागे गेलो. बाळ रिंग तोंडात घालून चघळत होतं. घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. मग हात दुखेपर्यंत वाजवत राहिलो. बाळ रिंग चघळत होतं.

मी थांबलो तेव्हा बायकोच्या हातातली कोथिंबीर तशीच होती. ती हळूच म्हणाली, “असं तुम्ही पूर्वी एकदा केलं होतं. पलंगावर.”

मग मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, हातातली घंटी न ठेवता, म्हणून मधे मधे ती आपोआप वाजत होती. पाइपवर आपटलेला खुळखुळा, पळी, पाठीत लागलेले ठोके, टाळी. ती नळावर होती तो दिवस. डॉक्टरांसमोर बोललो ते वाक्य.

माझं संपल्यावर ती म्हणाली, “म्हणजे मी म्हटलं होतं ते बरोबर होतं.”

“हो.”

“तापाच्या आधी.”

“हो.”

“आणि मी लग्नाला गेले त्याचं...”

“त्याचा काही संबंध नव्हता.”

ती खाली बसली, बाळाशेजारी गादीवर. बराच वेळ कोथिंबिरीच्या काड्या मोडत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझी आई जाताना माझी माफी मागून गेली. तिच्या घरी ताप आला म्हणून.”

हे मला माहीत नव्हतं. एकाच घरात राहून माहीत नव्हतं. बाळाने रांगत जाऊन टीव्हीवरून लोंबणारी चादर ओढून खाली पाडली आणि स्वतःला काचेत बघून हसलं.

बायको उठली. गॅस बंद करून आली. “संध्याकाळी तिला तुम्हीच सांगायचं. मी मधे पडणार नाही,” ती म्हणाली. “आणि तुमच्या ताईंना फोन लावायचा. माझ्यासमोर.”

मुलगी आली ती खांद्यावर पर्स आणि दारातूनच तक्रार घेऊन. “बाबा, आता घंटी? देऊळ काढताय का घरात?”

मी तिला बसायला सांगितलं आणि बोलायला लागलो. दोन वाक्यं बोललो असेन.

“बाबा, वर बघून बोला. मला दिसत नाहीये.”

मशीन असलं तरी ती निम्मं ओठांवरून ऐकते. म्हणून मी कधी मिशी वाढवली नाही, म्हणून घरात कधी अंधारात कुणी बोलत नाही. वर बघून बोला, हे तिने मला आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल. मी जमिनीकडे बघून सांगायचं ठरवलं होतं, ते तिच्या बाबतीत शक्यच नव्हतं. मला मान वर करावी लागली. तिच्या डोळ्यांसमोर एकेक शब्द नीट तोंड उघडून सांगावा लागला.

“तुला ताप यायच्या आधीपासूनच ऐकू येत नव्हतं. आईच्या लक्षात आलं होतं. मी चुकीचं तपासलं. मग मला कळलं की चुकलं. तरी मी बोललो नाही. नंतर आईवर आलं, तेव्हाही बोललो नाही.”

ती म्हणाली, “परत सांगा.”

“कळलं नाही?”

“कळलं. परत सांगा.”

मी परत सांगितलं. तिने आईकडे पाहिलं. आईने फक्त मान हलवली. मग तिने बाळाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

“मग हा?”

मी कोपऱ्यातल्या बदकाकडे, डमरूकडे, ढोलाकडे हात केला. “त्याचसाठी आणत होतो.”

“दवाखान्यात तुम्ही तिथेच उभे होतात.”

“हो.”

“पेढे घेऊन.”

“हो.”

तिने दोन्ही कानांतली मशीन काढली आणि मुठीत धरली. लहानपणी भांडण झालं की ती असंच करायची. एकदा मशीन निघाली की समोरच्याने कितीही समजूत काढावी, तिच्यापुरता विषय संपला. तिने बाळाला उचललं आणि वर गेली. तिची पर्स आमच्या सोफ्यावर राहिली.

थोड्या वेळाने जावई पर्स न्यायला आला. शिफ्ट संपवून आला होता, कपडेही बदलले नव्हते. “परवाची वेळ मिळालीय वापीला,” तो म्हणाला. “तुम्ही यायचंय, बाबा.”

“मी? तिला चालेल?”

“तीच म्हणाली. डॉक्टर सुरुवातीपासूनचं विचारतील, तेव्हा बाबांनीच सांगायचं म्हणाली.”

वापीला आम्ही सगळेच गेलो. तपासणीसाठी बाळ झोपलेलं लागतं आणि आमचं शांत बाळ त्या दिवशी झोपायला तयार नव्हतं. बायको त्याला थोपटत कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत होती. मी तिच्या मागे मागे, उगाचच. शेवटी ते झोपलं. कपाळाला आणि कानांमागे वायरी लावल्या. तपासणारी मुलगी तरुण होती. तिने विचारलं, घरात कुणाला जन्मापासून ऐकण्याचा त्रास? माझी मुलगी माझ्याकडे वळली.

“हिला आहे,” मी म्हणालो. “जन्मापासून. तापामुळे नाही.”

तपासणाऱ्या मुलीने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. इतकी वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं, त्याला तिथे एवढीच जागा होती.

बाळाला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. आईइतकं कमी नाही. मशीन लावली की बोलणं शिकेल, असं तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. या वयात लक्षात आलं ते बरं झालं, अजून आधी आलं असतं तर जास्त बरं. मी विचारलं, “किती आधी?” त्या काही सांगणार तोच मुलगी म्हणाली, “बाबा, पुरे.” तिने माझ्याशी दोन दिवसांत बोललेले ते पहिले शब्द होते.

फोन त्याच संध्याकाळी लावला. स्पीकरवर. बायको बाळाचे कपडे घडी करत बसली होती.

“कोण, भाऊ? जेवलास का?” बहीण आता धुळ्याला मुलाकडे असते. तिला मी सगळं सांगितलं.

“आता हे कशाला उकरून काढतोस रे? पोरगी शिकली, नोकरी लागली, लग्न झालं. संपलं.”

“ताई, तू म्हणायचीस ना, तापात माहेरी नेलं म्हणून.”

“मी एकटी म्हणत होते? तू शेजारी बसून हो म्हणायचास!”

“तेच खोटं होतं.”

मग ती म्हणाली, “तिला दे.” मी फोन पुढे केला. बायकोने घेतला नाही. बहिणीने तिथूनच मोठ्याने हाक मारली, “अगं ए, ऐकतेस ना? मला काय माहीत गं. मला भावाने सांगितलं ते मी धरलं.”

बायको घडी घालता घालता म्हणाली, “मलाही त्यांनीच सांगितलं होतं, ताई.”

वाढदिवसाला या, एवढं म्हणून बायकोने फोन ठेवायला सांगितला.

यावर सगळं सुरळीत झालं, असं मी लिहिणार नाही. बायको माझ्याशी बोलते, वाढते, औषधांची आठवण करते. पण थर्मामीटर अजून तिच्या उशाखाली आहे. मी एकदा म्हटलं, आता कशाला ठेवतेस? ती म्हणाली, “सवय गेली पाहिजे ना. ती काय तुमच्या सांगण्याने जाते?” आणि पुढच्या महिन्यात भाच्याचं लग्न आहे, त्याला ती जाणार आहे. एकटी. मला चल म्हणालेली नाही.

मुलीने खेळणी स्वतः निवडून घेतली. मी आणलेल्या ढिगासमोर ती बसली आणि एकेक उचलून बघत गेली. तपासणाऱ्या मुलीने सांगितलं होतं, मशीन लावल्यावर आधी खेळणं दाखवा, मग वाजवा, आवाज कुठून येतो ते कळू दे त्याला. म्हणून घुंगरांची काठी राहिली. घंटी राहिली. ढोल गेला.

“आणि बदक?” मी विचारलं. मान वर करून, तिला दिसेल असं.

“बदक तुमच्याकडे ठेवा. मला ते अजिबात सहन होत नाही.”

तेवढं बोलली. मला तेवढंही पुष्कळ वाटलं, आणि वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटली.

वाढदिवसापर्यंत बाळाची मशीन आली. इवलीशी, निळी. बाळाला ती पटली नव्हती, दर थोड्या वेळाने उपटून फेकायचं. वाढदिवसाला शेजारपाजारची मुलं आली, धुळ्याहून बहीण आली, केक कापला. बाळ पांगुळगाडा धरून दोन पावलं चाललं आणि बसलं, मग आकारांचा डबा पुढ्यात ओढून उद्योगाला लागलं. एवढ्यात मुलगी ओरडली, “मशीन! एका कानाचं नाहीये!”

झाली पळापळ. जावई गाद्या उचलू लागला. बहीण केकच्या बॉक्समध्ये शोधू लागली. मुलगी आडवी पडून सोफ्याखाली हात घालत होती. मला मात्र ती बारीक शिट्टी ऐकू आली. मशीन कशात कोंडलं गेलं की ते शिट्टी मारतं. मुलीच्या मशीनची ती शिट्टी मी तिच्या लहानपणापासून ओळखतो, दप्तरातून, उशीखालून, एकदा तांदळाच्या डब्यातून.

सोफ्याखाली तोंड असलेल्या मुलीला हाक मारून उपयोग नव्हता. मी तिच्यासमोर जाऊन खाली बसलो. तिने वर पाहीपर्यंत थांबलो.

“डब्यात आहे,” मी म्हणालो. “चौकोनी भोकातून टाकलंय त्याने.”

तिने डबा जवळ ओढला आणि झाकण काढलं. शिट्टी मोठी झाली. बाळ आजीच्या मांडीवर, आमच्याकडे पाठ करून बसलं होतं, एका कानात मशीन. ते थबकलं आणि वळलं.

मी सवयीने टीव्हीकडे पाहिलं. त्याच्यापुढे फुगे बांधलेले होते, काच दिसतच नव्हती.